वर्गात उघडायला मनाई असलेला कोड

सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठात जॉन लायन्स १९७६-७७च्या सुमारास विद्यार्थ्यांना युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमचा सोर्स कोड (प्रोग्रामरने लिहिलेला मूळ मजकूर) ओळीओळीने समजावून सांगत. सहाव्या आवृत्तीचा कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, जेमतेम ९,००० ओळींचा, म्हणजे एका माणसाच्या डोक्यात मावेल एवढा. लायन्स यांनी त्यावर सविस्तर भाष्यही लिहिलं.

हे जमलं, कारण १९५६च्या एका न्यायालयीन तडजोडीने एटी अँड टी या अमेरिकी टेलिफोन कंपनीला इतर धंद्यांत उतरायला मज्जाव केला होता. तिच्या बेल लॅब्जमध्ये तयार झालेली युनिक्स विद्यापीठांना कोडसकट नाममात्र शुल्कात मिळे. कंपन्यांना त्यासाठी हजारो डॉलर मोजावे लागत.

१९७९ साली सातवी आवृत्ती आली आणि परवान्यात अट आली: कोड वर्गात शिकवायचा नाही. माझ्या मते हा घाव पैशांपेक्षा खोल होता. शुल्काची तजवीज कशीही करता येते; वाचायलाच मनाई असेल तर शिक्षक हतबल होतो. कित्येक ठिकाणी ऑपरेटिंग सिस्टिम हा विषय थिअरीपुरता उरला. लायन्स यांचं भाष्य झेरॉक्सवरून झेरॉक्स काढत जगभर फिरलं. ते उघडपणे छापून यायला १९९६ उजाडलं.

थिअरीत काय निसटतं? प्रोसेसर एक काम थांबवून दुसरं हाती घेतो, ते पुस्तकात दोन चौकोन आणि एक बाण काढून उरकतात. एमआयटीने शिकवण्यासाठी २००६ साली लिहिलेल्या एक्सव्ही६ या छोट्या ऑपरेटिंग सिस्टिमची आजची, रिस्क-फाइव्ह प्रकारच्या प्रोसेसरसाठीची आवृत्ती उघडा. जुन्या कामाची १४ रजिस्टर्स (प्रोसेसरमधल्या छोट्या साठवणीच्या जागा) एकेक करून मेमरीत जातात, नव्याची १४ परत येतात. त्यातल्या एकात परतीचा पत्ता असतो. तोच बदलल्यामुळे ही अदलाबदल करणारं फंक्शन, म्हणजे कोडचा तुकडा, जिथून बोलावलं तिथे न परतता थेट दुसऱ्या कामात जाऊन उतरतं! हे कळण्याचा आनंद मुलांना मिळायलाच हवा.

वर्गात कोड न शिकवण्याच्या त्या अटीवर उपाय म्हणून ॲमस्टरडॅमच्या अँड्र्यू टॅनेनबॉम यांनी युनिक्सचा कोड न वापरता मिनिक्स ही छोटी ऑपरेटिंग सिस्टिम लिहिली. १९८७ साली ती पाठ्यपुस्तकासोबत आली, सुमारे १२,००० ओळी पुस्तकातच छापून. पण ती प्रकाशकाकडून विकत घ्यावी लागे आणि सुधारलेली प्रत इतरांना वाटता येत नसे. हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स या विद्यार्थ्याने ती १९९१ मध्ये विकत घेतली आणि त्याच वर्षी लिनक्स हा स्वतःचा कर्नल इंटरनेटवर ठेवला. १९९२ मध्ये तो बदलायला आणि वाटायला मोकळीक देणाऱ्या जीपीएल परवान्याखाली आला. मिनिक्स मुक्त व्हायला मात्र २००० साल लागलं.

एक्सव्ही६ युनिक्सच्या त्या सहाव्या आवृत्तीच्याच धर्तीवर बेतलेली आहे, आणि तिचा परवाना वाचायला, बदलायला, वाटायला मोकळीक देतो. आयआयटी मुंबईतही ती शिकवण्यासाठी वापरली गेली आहे. साध्या लॅपटॉपवर क्यूएमू या संगणकाची नक्कल करणाऱ्या प्रोग्राममध्ये ती चालते, पैसे पडत नाहीत. तुमच्या कॉलेजात हा विषय नोट्सवर उरकत असतील, तर तिच्यातल्या, पुढचं काम निवडणाऱ्या शेड्यूलर फंक्शनपासून वाचायला घ्या.