उरोनार्ती

उरोनार्ती : उत्तर सूदानमध्ये नाईल नदीच्या पात्रातील एक खडकाळ बेट व त्यावरील प्राचीन इजिप्शियन सीमादुर्गाचे अवशेष. नाईलच्या दुसऱ्या प्रपाताच्या दक्षिणेस ‘बत्न अल-हजर’ (दगडांचे पोट) नावाचा ओसाड प्रदेश आहे. तेथे सेम्नाच्या अरुंद खिंडीपासून उत्तरेस सुमारे ५ किमी. अंतरावर हे बेट येते. बेटाचे प्रचलित नाव नुबियन भाषेतील असून त्याचा अर्थ ‘राजाचे बेट’ असा सांगितला जातो. दुर्गाचे प्राचीन नाव ‘खेसेफ-इउंतीउ’ होते. त्यातील ‘खेसेफ’ म्हणजे परतवून लावणे, याबद्दल मतभेद नाहीत. ‘इउंतीउ’ या शब्दाचे भाषांतर मात्र काही अभ्यासक ‘धनुर्धर’ असे करतात, तर काही तो वाळवंटातील टोळ्यांसाठीचा सर्वसाधारण शब्द मानून तसाच ठेवतात. दुसरा मार्ग अधिक सावध होय.

इजिप्तच्या बाराव्या राजवंशातील राजा तिसरा सेनुस्रेत याने दुसऱ्या प्रपातापासून सेम्नापर्यंत जी दुर्गमालिका पूर्ण केली, तीत या दुर्गाचा समावेश होतो. रामेसियम (इजिप्तमधील थीब्झ येथील दुसऱ्या रामेसिसचे मंदिर) येथे सापडलेल्या पपायरसावरील शब्दयादीत नुबियातील सतरा दुर्गांची नावे असून इजिप्तविद् ॲलन गार्डिनर यांनी ती १९१६ मध्ये प्रसिद्ध केली. बांधणीच्या काळाबाबत उरोनार्तीची स्थिती चमत्कारिक आहे. सेम्ना येथील सोळाव्या राज्यवर्षाच्या सुप्रसिद्ध सीमाशिलालेखाची दुसरी प्रत याच बेटावर मिळाली. आपण आखलेली सीमा जो राखील तोच आपला पुत्र, हे त्या लेखातील राजाचे उद्गार अनेकदा उद्धृत केले जातात. उरोनार्तीच्या प्रतीत याशिवाय एक जादा ओळ आहे : ‘खेसेफ-इउंतीउ’ दुर्ग बांधला गेला तेव्हा, सोळाव्या वर्षी, हिवाळी ऋतूच्या तिसऱ्या महिन्यात हा शिलालेख करविला. म्हणजे महिना ठाऊक आहे, पण त्या वर्षाचा इसवी सनपूर्व आकडा निश्चित नाही.

ही अनिश्चितता मुख्यतः खगोलीय नोंदीतून आली आहे. इजिप्तमधील इल्लाहून येथील पपायरसात सेनुस्रेतच्या सातव्या वर्षी व्याध ताऱ्याच्या सूर्यसान्निध्य उदयाचा (काही काळ अदृश्य राहून सूर्योदयापूर्वी पुन्हा प्रथम दिसण्याचा) दिवस नोंदलेला आहे. तो उदय उत्तर इजिप्तमधील मेम्फिसच्या परिसरातून पाहिला असे धरल्यास सातवे वर्ष इ. स. पू. १८७० च्या आसपास येते. दक्षिणेकडे एलेफंटाइन येथून पाहिला असे धरल्यास ते सुमारे इ. स. पू. १८३० पर्यंत खाली सरकते, कारण अक्षांश बदलला की उदयाचा दिवसही बदलतो. त्यानुसार दुर्गाची बांधणी इ. स. पू. १८६० च्या किंवा १८२० च्या सुमारास ठरते. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या रेडिओकार्बन मापनांचा कल साधारणतः पहिल्या पर्यायाकडे असून प्रस्तुत नोंदीत तोच ग्राह्य धरला आहे. राजाची कारकीर्द १९ वर्षांची की ३९ वर्षांची, हा वेगळा वाद आहे. ॲबायडॉस येथे सापडलेल्या ३९ व्या वर्षाच्या नोंदीमुळे इजिप्तविद् जोसेफ वेगनर यांनी दीर्घ कारकीर्दीचा पक्ष घेतला. सोळावे वर्ष दोन्ही पक्षांत बसत असल्याने दुर्गाच्या कालनिर्णयावर या वादाचा थेट परिणाम होत नाही.

बेटाच्या उंच कण्यावर वसल्यामुळे दुर्गाचा आराखडा चौरस न होता त्रिकोणी झाला. भिंती उन्हात वाळविलेल्या मातीच्या विटांच्या आहेत. पाच-सहा मीटर जाडीच्या तटात ठरावीक थरांनंतर गवताच्या चटया अंथरल्या होत्या व लाकडी तुळया घातल्या होत्या. चटया कुजून गेल्या तरी त्यांचे ठसे विटांवर राहतात. आत रस्त्याच्या कडेने सैनिकांची घरे असत : पुढे एक खोली व मागे दोन, असा नुबियातील दुर्गांचा ठरलेला नमुना. याशिवाय धान्यकोठार, कोषागार आणि अधिकाऱ्याचे निवासस्थान होते. दुर्गाबाहेरील एका मोठ्या इमारतीला काही अभ्यासक मोहिमेच्या काळातील राजनिवास मानतात.

१९२० च्या दशकात हार्वर्ड विद्यापीठ व बॉस्टनचे ललितकला संग्रहालय यांच्या मोहिमेने, जॉर्ज राइस्नर यांच्या नेतृत्वाखाली, येथे उत्खनन केले. त्यात मुद्रांकित मातीचे हजारो गोळे मिळाले. प्रत्येक गोळ्याच्या पुढच्या बाजूस कोठाराची, कोषागाराची वा एखाद्या अधिकाऱ्याची मुद्रा असते, तर मागच्या बाजूस ज्या दोरीवर, पिशवीवर किंवा दाराच्या खुंटीवर तो थापला होता तिचा ठसा असतो. पत्र उघडले गेले की धान्याची खोली, हे त्या मागच्या बाजूवरूनच कळते. पावाच्या आकाराचे छोटे लाकडी तुकडेही सापडले असून त्यांवर धान्याची परिमाणे लिहिलेली आहेत. ते शिध्याच्या हिशेबाचे असावेत, असे विल्यम केली सिम्प्सन यांच्या अभ्यासापासून मानले जाते.

दुर्गमालिकेचे प्रयोजन वादग्रस्त आहे. सेम्नाच्या आठव्या वर्षाच्या शिलालेखात इकेन (मिर्गिस्सा) येथे व्यापारासाठी येणारे व दूत यांखेरीज कोणाही नुबियनाने उत्तरेस ओलांडून येऊ नये, अशी आज्ञा आहे. ‘सेम्ना पत्रे’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या पपायरसात गस्तीवाल्यांना ३२ माणसे व ३ गाढवे यांच्या पावलांचा माग सापडल्याची नोंद येते. यांवरून दुर्गांचे काम लढाईपेक्षा पाळत आणि व्यापारावरील नियंत्रण हे अधिक होते, असे मत पुढे आले. ते पटण्याजोगे आहे. तथापि तटाची जाडी केवळ जकातनाक्यासाठी नव्हती, हेही उघड आहे. इजिप्तविद् बॅरी केम्प यांनी कोठारांच्या क्षमतेवरून मोहिमांच्या रसदीचा मुद्दा मांडला. इजिप्तच्या इतिहासातील ‘नवे राज्य’ या नंतरच्या कालखंडात येथे एक लहान मंदिर होते, यापलीकडे त्या पर्वाविषयी फारसे सांगता येत नाही.

१९६० च्या दशकात आस्वान उच्च धरणाच्या जलाशयात बुहेन, मिर्गिस्सा, सेम्ना इ. दुर्ग बुडाले. वादी हल्फा भागातील नुबियन लोकांना खश्म अल-गिर्बा येथे हलविण्यात आले; सेम्ना व कुम्मा येथील मंदिरे उतरवून खार्टूमच्या राष्ट्रीय संग्रहालयाच्या आवारात उभारण्यात आली. उरोनार्तीही गेल्याचे दीर्घकाळ गृहीत धरले होते. प्रत्यक्षात उंचीमुळे तो व शेजारचा शलफाक दुर्ग पाण्याबाहेरच राहिले आणि एकविसाव्या शतकाच्या प्रारंभी पुरातत्त्वज्ञ डेरेक वेल्स्बी यांच्या पाहणीने ते लक्षात आले. २०१२ पासून लॉरेल बेस्टॉक व क्रिस्टियन नोब्लाउख यांनी येथे नव्याने काम सुरू केले. तटाबाहेर दगडी झोपड्यांची एक वसाहत त्यांना आढळली असून दुर्गाच्या भिंतींबाहेरही लोक राहत होते, हे तिच्यामुळे स्पष्ट झाले.

दुर्ग पाहण्यासाठी नावेने जावे लागते. किनाऱ्यावरून चढण खडकाळ असून वर पोहोचल्यावर तट वाळूत अर्धा गाडलेला दिसतो. ही वाळूच विटांचे रक्षण करते, म्हणून ती उकरणे किंवा भिंतींच्या माथ्यावरून चालणे टाळावे लागते. दक्षिणेकडे नजर टाकली असता सेम्नाच्या जागी आता केवळ जलाशयाचे पाणी आहे. एप्रिल २०२३ मध्ये सूदानमध्ये यादवी सुरू झाल्यापासून प्रवास धोक्याचा झाला असून त्या काळात खार्टूमच्या संग्रहालयाचीही लूट झाली.