उद्याचा समुद्र कसा वाचायचा: रात्री नऊच्या मेसेजमागचं गणित

आमच्याकडे मढला सर्फिंगसाठी, म्हणजे बोर्डवर उभं राहून लाटेवरून घसरत यायला, नाव नोंदवलं की रोज रात्री नऊला तुमच्या व्हॉट्सॲपवर समुद्राचा मेसेज येतो. बहुतेक जण त्यातला पहिला आकडा बघतात, म्हणजे लाटेची उंची, आणि त्यावरून पहाटेचा गजर लावायचा की नाही ते ठरवतात. त्यामुळे ०.९ मीटरच्या सुरेख सकाळी निम्मे लोक घरी झोपलेले असतात आणि १.३ मीटरच्या घाणेरड्या सकाळी सगळे हजर. उंची सगळ्यांत शेवटी वाचावी, असं आमचं मत आहे. त्यासाठीच हे पत्रक.

मेसेज साधारण असा असतो:

"शनिवार. स्वेल ०.९ मी., १४ से., नैऋत्येकडून. वारा पहाटे पूर्वेकडून ताशी ८ किमी, ११ नंतर वायव्येकडून २२. सुकती ६.२५ (०.६ मी.), भरती १२.४० (४.३ मी.). पाण्यात ८.३० ते १०.४५. नवशिके: चालेल."

स्वेल म्हणजे दुरून चालत येणारी लाट, सुकती म्हणजे पूर्ण ओहोटी. आता यातला एकेक भाग घेऊ.

सेकंद आधी वाचा

एक लाट गेल्यावर पुढची त्याच जागी यायला लागणारा वेळ म्हणजे ते १४ सेकंद. आकडा ५-६ असेल तर ती जवळच्याच वाऱ्याने उठवलेली, आखूड आणि गोंधळलेली लाट. १४-१६ असेल तर ती फार लांबून आली आहे. आपल्याकडे येणाऱ्या अशा लाटा बहुधा विषुववृत्ताच्या पलीकडे, दक्षिण हिंदी महासागरातल्या वादळांत जन्म घेतात. १४ सेकंदांच्या लाटांचा ताफा खोल समुद्रात ताशी चाळीसेक किलोमीटरने सरकतो, म्हणजे तिथून मुंबई गाठायला त्याला आठवडा लागतो. म्हणून इथे झाडाचं पान हलत नसताना लाट येऊ शकते, आणि तिची चाहूल आम्हाला चार-पाच दिवस आधीही लागते.

लाटेतली ताकद उंचीच्या वर्गाला सेकंदांनी गुणून ढोबळमानाने काढता येते. ०.९ मीटर आणि १४ सेकंद: साधारण ११. १.३ मीटर आणि ६ सेकंद: साधारण १०. कागदावर 'लहान' दिसणारी लाट जास्त जोराची निघाली.

आमच्या जागी तर फरक याहून मोठा पडतो. मढच्या बाजूचा आमचा खडक हे एक टोक आहे, पश्चिमेकडे समुद्रात घुसलेलं, आणि आपण त्याच्या दक्षिण अंगाला असतो. लाट टोकावर आधी फुटते आणि मग खडकाच्या कडेने आत आत फुटत येते. तुम्ही किनाऱ्याकडे तोंड करून उभे राहिलात की तुमचा प्रवास उजवीकडे, खडकापासून दूर. यालाच पॉइंट ब्रेक म्हणतात. हे घडायला लाट टोकाभोवती वळावी लागते, आणि वळायला तिला तळ लागावा लागतो. पाण्याची खोली लाटेच्या लांबीच्या निम्म्याहून कमी झाली की लाटेला तळ जाणवायला लागतो. १४ सेकंदांच्या लाटेची लांबी ३०० मीटरच्या आसपास असते, म्हणजे १५० मीटर खोलीपासूनच तिचं खालचं अंग घासायला लागतं. मुंबईसमोरचा समुद्र फार लांबपर्यंत उथळ आहे. बॉम्बे हायच्या तेलविहिरी किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर, पण तिथे पाणी जेमतेम ७५ मीटर. तेव्हा ही लाट बॉम्बे हाय ओलांडायच्या आधीपासून तळ चाचपत येते. त्यात तिची काही ताकद वाटेतच खर्च होते (आपल्याकडे गोव्याखालच्या किनाऱ्यासारखी धडक बसत नाही, त्याचं एक कारण हेच), पण टोकाशी आल्यावर ती पंखा उघडावा तशी खडकाभोवती पसरते आणि उंचावते. सहा सेकंदांच्या लाटेला तळ लागतो २८ मीटरवर. ती सरळ पुढे निघून जाते, आणि आपल्या कोपऱ्यात उरतात नुसते हेलकावे.

म्हणून आमचा नियम: १० सेकंदांच्या खाली असेल तर आमच्या खडकावर येऊ नका, उंची काहीही असो. त्या दिवशी आम्ही नवशिक्यांना रेतीवर नेतो, तिथे पांढऱ्या फेसात उभं राहायला शिकता येतं.

आणखी एक. अंदाजात दिलेली उंची खुल्या समुद्रातली असते, आणि तीही सगळ्यांत मोठ्या एक-तृतीयांश लाटांची सरासरी. एखादी लाट त्याच्या दुप्पट निघू शकते. शिवाय लांबच्या लाटा टोळीने येतात. पाच-सहा मोठ्या, मग दहा-पंधरा मिनिटं सामसूम. खडकावर फोटो काढायला उतरलेले लोक नेमके त्या सामसुमीला भुलतात. आमच्याकडे पाण्यात उतरण्याआधी वीस मिनिटं काठावर बसून बघायचं, हे सक्तीचं आहे. त्या वीस मिनिटांचे पैसे आम्ही धरत नाही, त्यामुळे 'वेळ फुकट गेला' म्हणू नये.

वारा

शाळेच्या भूगोलात खारे वारे आणि मतलई वारे होते, तेच इथे उपयोगी पडतात. रात्री जमीन लवकर थंड होते आणि पहाटे जमिनीकडून समुद्राकडे मतलई वाहतो. तो लाटेच्या तोंडावर समोरून येतो, तिला पडू देत नाही, गुळगुळीत ठेवतो. दिवस तापला की उलटं होतं. खारा वारा सुटतो, आपल्याकडे बहुधा वायव्येकडून, आणि तासाभरात पाण्यावर सुरकुत्या, मग पांढरे तुरे. आपलं टोक वायव्येच्या वाऱ्याला थोडा आडोसा देतं, म्हणून अक्साच्या उघड्या रेतीवर खेळ संपला तरी इथे अर्धा-पाऊण तास जास्त मिळतो. त्याहून जास्तीची आशा धरू नका.

ताशी १० किमीच्या आत कुठलाही वारा चालतो. वायव्येकडून १८ च्या वर गेला की आम्ही नवशिक्यांना बाहेर काढतो. काही ॲप वारा नॉटमध्ये दाखवतात. १० नॉट म्हणजे साडेअठरा किमी, तेव्हा '१०' बघून खूश होण्याआधी एकक बघा. दिशेचाही घोळ असतो. 'नैऋत्य' म्हणजे नैऋत्येकडून येणारा, पण नकाशावरचा बाण तो जातो त्या बाजूला टोक करून असतो. दर आठवड्याला कोणी ना कोणी आम्हाला बाणाचा फोटो पाठवून 'उद्या मतलई आहे ना?' असं विचारतं, आणि तो निघतो भर दुपारचा खारा.

वाऱ्याचा अंदाज तीन दिवसांपलीकडचा आम्ही देत नाही. जगभराची गणितं मांडणाऱ्या मॉडेलांना आपल्या किनाऱ्यावरचा खारा वारा नेमका किती वाजता सुटणार हे नीट पकडता येत नाही, आणि आमचा सगळा धंदा त्या एका तासावर चालतो. एक देशी खूण मात्र आहे. मार्चमध्ये मुंबईत एखाद दिवशी पारा ३८ च्या वर जातो, तेव्हा हवामान खात्याच्या खुलाशात बऱ्याचदा एकच कारण असतं: समुद्रावरचा वारा उशिरा सुटला. लोकलमध्ये जीव नकोसा होतो त्याच दिवशी आमच्याकडे साडेअकरापर्यंत आरशासारखं पाणी असतं.

भरती-सुकती

मुंबईत दिवसातून दोन भरत्या, दोन ओहोट्या, आणि रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे. कोळीवाड्यातल्या कुणालाही विचारा, वेळापत्रक न बघता सांगतील: तिथीला पाऊणने गुणा. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ, ही पूर्ण भरतीची वेळ. अमावस्या-पौर्णिमेला ती साडेअकरा-बाराच्या आसपास येते. मिनिटांसाठी छापील तक्ता हवाच, पण पुढच्या महिन्याची सुट्टी टाकायची असेल तर कालनिर्णय पुरतं.

यातून एक गंमत निघते. उधाणाच्या दिवसांत, म्हणजे अमावस्या-पौर्णिमेच्या आजूबाजूला, मुंबईत सुकती नेहमी पहाटे सहाच्या सुमाराला आणि भरती दुपारी बाराच्या. आमच्या खडकावर चांगली लाट अर्ध्या चढत्या पाण्यात मिळते, म्हणजे साडेआठ ते पावणेअकरा. खारा वारा सुटायच्या आत. दोन्ही घड्याळं जुळतात. शनिवारचा तो मेसेज पुन्हा बघा, 'पाण्यात ८.३० ते १०.४५' कुठून आलं ते कळेल.

पण पाणी चढतं ते एकसारखं नाही. सहा तासांतले मधले दोन तास निम्मं पाणी आणतात. ०.६ वरून ४.३ वर जायचं तर साडेआठ ते साडेदहा या दोन तासांत जवळपास पुरुषभर पाणी वाढतं. उतरताना ज्या खडकावर पाय ठेवलात तो परत येताना सापडणार नाही. म्हणून बाहेर पडायची जागा वेगळी, डाव्या अंगाची रेतीची फट, आणि ती आम्ही आधी दाखवतो. साडेआठच्या आधी उतरायची घाई करू नका. तेव्हा खडक उघडे असतात आणि त्यांच्यावरची कालवं ब्लेडसारखी कापतात. कालवाची जखम लवकर भरत नाही, चिघळते. बूट नसतील तर आमच्याकडचे घ्या, भाडं नाही.

अष्टमीच्या आसपास भांगाचे दिवस, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असतो ते. भरती सकाळी सहाला होऊन गेलेली, आपण पोचतो तेव्हा पाणी उतरतं आणि ओढ बाहेरच्या बाजूला. पाणी फार उतरत नाही, म्हणून मुरलेल्यांना चालतं. नवशिक्यांना त्या दिवसांत खडकावर नेत नाही.

वर्षाचा हिशेब

मुंबई म्हणजे बाली नव्हे, हे आधीच सांगितलेलं बरं. डिसेंबर-जानेवारीत बरेच दिवस समुद्र तळ्यासारखा असतो. कधीकधी इराणच्या आखाताकडच्या शमाल वाऱ्यांनी उठवलेल्या लाटा वायव्येकडून येतात, पण आपण टोकाच्या दक्षिणेला असल्यामुळे त्या आपल्याला फारशा लाभत नाहीत. फेब्रुवारीच्या शेवटापासून मेच्या मध्यापर्यंत लहान पण स्वच्छ सकाळी मिळतात. शिकायला हाच काळ. ऑक्टोबर-नोव्हेंबर आमच्या सगळ्यांत आवडीचा: पाऊस गेलेला, वारा पडलेला, दक्षिणेच्या लाटा अजून येत असतात.

जून ते सप्टेंबर आम्ही बंद. नैऋत्य मोसमी वारा सुटला की दोन ते चार मीटरच्या लाटा, गढूळ पाणी, आणि मालाडच्या खाडीतून शहराची सगळी घाण. कोळी लोक नारळी पौर्णिमेला नारळ वाहून मगच होड्या लोटतात, तिथे आपण फोमचा बोर्ड घेऊन शहाणपण करू नये. ऑगस्ट-सप्टेंबरला किनाऱ्यालगत पाकट आणि निळे जेलीफिशही असतात. २०१३ च्या विसर्जनाला गिरगाव चौपाटीवर पाकटांनी बऱ्याच भाविकांना दंश केला होता.

मेसेजमध्ये 'बंद' असेल तेव्हा

आम्ही हैदराबादच्या 'इन्कॉइस' या सरकारी संस्थेचे लाटांचे इशारे आणि हवामान खात्याचे कोळी बांधवांसाठीचे इशारे रोज बघतो. दोघांपैकी एकाचाही इशारा असेल तर आमचं 'बंद'. त्यावर चर्चा नाही. सगळ्यांत जास्त वाद होतो तो ऊन पडलेलं असताना, वारा नसताना 'बंद' आलं की. जून २०२३ मधलं बिपरजॉय आठवा. ते जमिनीवर आलं कच्छमध्ये, जखाऊजवळ, मुंबईपासून शेकडो किलोमीटर दूर. पण त्याच्या लाटा आधीच इथे पोचल्या होत्या आणि जुहूला पाण्यात उतरलेली मुलं परत आली नाहीत. वादळ लांब असलं तरी लाट चालत येते, हे वर सेकंदांच्या भागात आलंच आहे.

'बंद' आमच्याकडून आलं तर पैसे पूर्ण परत, किंवा तारीख बदलून. लाट लहान निघाली म्हणून परत मिळत नाहीत. तुम्ही पोचल्यावर काठावरून बघून आम्ही नाही म्हटलं, तर निम्मे परत आणि चहा आमच्याकडून.

येताना

रात्री नऊचा मेसेज कच्चा समजा. पहाटे साडेपाचला प्रत्यक्ष पाणी बघून दुसरा येतो, तो पक्का. तो हातात पडल्याशिवाय घर सोडू नका. अंधेरीकडून येणाऱ्यांना वर्सोवा-मढ फेरी सोयीची. स्वतःचा बोर्ड असेल तर फेरीवर आडवा धरू नका, सकाळी मासळीच्या पाट्या घेऊन चढणाऱ्या मावश्यांना लागतो आणि मग त्या जे बोलतात ते दिवसभर पुरतं. बोर्ड उभा धरा, मागच्या बाजूला थांबा, लीश (बोर्ड पायाला बांधायची दोरी) गुंडाळून घ्या. पाण्यात जाळ्यांचे बोये दिसले तर त्यांच्या आतून जायचं नाही, वळसा घालायचा. मालाडहून बसने येणार असाल तर आठ फुटांचा बोर्ड आणू नका, कंडक्टर चढू देत नाही, आमचा वापरा.