१९६४ सालची हिट सिंगल्स (बिलबोर्ड हॉट १००)

१९६४ म्हटलं की पॉप ऐकणाऱ्यांच्या तोंडी पहिलं नाव येतं बीटल्सचं, आणि त्यात चूक काहीच नाही, पण त्या वर्षीची नंबर वन गाण्यांची यादी समोर घेऊन एकेक आठवडा मोजत गेलं की हिशोब जरा वेगळाच निघतो. ही नोंद अमेरिकेतल्या 'बिलबोर्ड' साप्ताहिकाच्या हॉट १०० चार्टवर त्या वर्षी गाजलेल्या सिंगल्सबद्दल आहे. वर्षभरात ५२ चार्ट निघाले, २३ गाणी पहिल्या नंबरला पोचली, त्यातली ६ बीटल्सची आणि त्यांचे आठवडे १८. इतर ब्रिटिश बँडचे ६ आठवडे धरले तरी ब्रिटिशांचे एकूण २४ होतात. म्हणजे 'ब्रिटिश आक्रमणाचं वर्ष' (ब्रिटिश बँडनी अमेरिकेचा चार्ट काबीज केलेलं वर्ष) म्हणून जे साल ओळखलं जातं त्यातले २८ आठवडे पहिला नंबर अमेरिकेतल्याच कलाकारांकडे होता!

सिंगल म्हणजे ७ इंची, मिनिटाला ४५ फेरे घेणारी तबकडी, एका बाजूला जे गाणं चालावं असं कंपनीला वाटतं ते आणि मागच्या बाजूला दुसरं एखादं. हॉट १०० हा चार्ट ४ ऑगस्ट १९५८ ला सुरू झाला आणि दुकानातली विक्री आणि रेडिओवर गाणं किती वाजतं या दोन्हींची सांगड घालून नंबर ठरायचे. आपल्याकडे याच काळात रेडिओ सिलोनवर अमीन सयानींची बिनाका गीतमाला जोरात होती, तिथली 'पायदान' म्हणजे इथला नंबर असं समजा, फक्त तिथे सगळी सिनेमातली गाणी आणि इथे सिनेमाचा संबंध क्वचितच. (त्या वर्षी गीतमालेत वार्षिक पहिलं आलं ते 'संगम'मधलं 'बोल राधा बोल'.)

आणखी एक गोष्ट चार्टबद्दल सांगायला हवी. बिलबोर्डने कृष्णवर्णीयांच्या संगीताचा, म्हणजे आर अँड बी चा वेगळा चार्ट नोव्हेंबर १९६३ च्या शेवटी बंद केला होता आणि तो परत सुरू झाला थेट जानेवारी १९६५ मध्ये. त्यामुळे १९६४ या अख्ख्या वर्षाचा बिलबोर्डचा आर अँड बी चार्टच नाही. दोन्ही याद्यांमध्ये तीच तीच गाणी दिसायला लागली होती म्हणून तो बंद झाला असं मानतात, पण गंमत अशी की याच वर्षी डेट्रॉइटची मोटाऊन कंपनी पॉप चार्टवर सुसाट सुटली, त्याबद्दल पुढे.

वर्षाची सुरुवात

जानेवारीचे चारही आठवडे पहिला नंबर बॉबी विंटनकडे होता, गाणं 'देअर! आय हॅव सेड इट अगेन', एकदम जुन्या वळणाचं, गोड आणि संथ. दुसऱ्या नंबरला किंग्जमेन या पोर्टलंडच्या पोरांचं 'लुई लुई' अडकलेलं. हे गाणं इतकं गचाळ रेकॉर्ड झालेलं की शब्द कळतच नाहीत, आणि कळत नाहीत म्हणजे नक्की अश्लील असणार असा लोकांनी निष्कर्ष काढला. इंडियानाच्या गव्हर्नरने ते वाजवू नका म्हणून सांगितलं, एफबीआयने चौकशी लावली, रेकॉर्ड वेगवेगळ्या स्पीडवर वाजवून ऐकली आणि दोनेक वर्षांनी निष्कर्ष काय, तर कुठल्याही स्पीडला शब्द समजत नाहीत. सरकारी पैशाने इतकं लक्ष देऊन पॉप गाणं दुसऱ्या कुणी ऐकलं नसेल.

१ फेब्रुवारीला 'आय वॉन्ट टू होल्ड युअर हँड' पहिल्या नंबरला आलं आणि तिथून १४ आठवडे सलग बीटल्स. ७ फेब्रुवारीला ते चौघं न्यूयॉर्कला उतरले, ९ तारखेला एड सलिव्हनच्या टीव्ही कार्यक्रमात गायले, सुमारे ७ कोटी ३० लाख लोकांनी बघितलं. केनेडींची हत्या होऊन तेव्हा जेमतेम अडीच महिने झालेले, देश सुतकात होता आणि या पोरांनी हसवलं, असं स्पष्टीकरण नेहमी दिलं जातं. असेलही. पण सुतकाने गाणी खपत असती तर कुणाचीही खपली असती, हीच का खपली याचं उत्तर त्यात मिळत नाही.

पहिल्या पाचात पाचही

४ एप्रिल १९६४ चा चार्ट हा या वर्षातला सगळ्यात प्रसिद्ध कागद. पहिलं 'कान्ट बाय मी लव्ह', दुसरं 'ट्विस्ट अँड शाऊट', तिसरं 'शी लव्हज यू', चौथं 'आय वॉन्ट टू होल्ड युअर हँड', पाचवं 'प्लीज प्लीज मी'. पाचही बीटल्सची. पहिलं गाणं तर आदल्या आठवड्यात २७ व्या नंबरला होतं, तिथून थेट एकवर उडी. पुढच्याच आठवड्यात, ११ एप्रिलला, शंभरात त्यांची १४ गाणी झाली, वर बीटल्सवर दुसऱ्यांनी केलेली गाणी होती ती वेगळीच.

हे झालं कसं? लोकप्रियता होतीच, पण त्यामागे कंपन्यांचा एक घोळ पण आहे आणि तो माहीत नसेल तर हा विक्रम नीट कळत नाही. अमेरिकेतली कॅपिटल कंपनी खरं तर बीटल्सच्या ब्रिटिश कंपनीच्या, ईएमआयच्याच मालकीची, तरी कॅपिटलने १९६३ मध्ये त्यांची सुरुवातीची गाणी काढायला नकार दिला, अमेरिकेत हे चालणार नाही म्हणून. मग ती गाणी छोट्या कंपन्यांकडे गेली, शिकागोच्या व्ही-जे कडे आणि फिलाडेल्फियाच्या स्वान कडे, आणि तिथे ती आपटली. डिसेंबर १९६३ मध्ये वॉशिंग्टनच्या एका रेडिओ स्टेशनवर इंग्लंडहून आणलेली रेकॉर्ड वाजली, श्रोत्यांचे फोनवर फोन यायला लागले आणि कॅपिटलने जानेवारीत काढायचं ठरवलेलं सिंगल घाईघाईने २६ डिसेंबरलाच बाजारात आणलं. ते पेटल्यावर छोट्या कंपन्यांनी पण आपल्याकडचा जुना माल झटकून परत काढला. म्हणून त्या पाचातली दोन कॅपिटलची, एक स्वानचं, एक व्ही-जे चं आणि एक व्ही-जे नेच काढलेल्या टॉली नावाच्या लेबलचं. एकाच कंपनीकडे सगळी गाणी असती तर तिने ती दोन-दोन महिन्यांच्या अंतराने सोडली असती, स्वतःचंच एक गाणं दुसऱ्याला खाऊ नये म्हणून, आणि मग पहिल्या पाचात पाच हा प्रकार बहुधा झालाच नसता. इथे चार लेबलं एकमेकांशी भांडत होती आणि फायदा एकाच बँडचा!

हल्ली ड्रेकने २०२१ मध्ये पहिले पाच भरले, टेलर स्विफ्टने २०२२ मध्ये पहिले दहाच्या दहा भरले, पण आता स्ट्रीमिंगमुळे नवीन अल्बम आला की त्यातलं प्रत्येक गाणं पहिल्याच आठवड्यात मोजलं जातं. १९६४ ला त्या नंबरमागे रेडिओ सोडला तर दुकानात जाऊन पैसे मोजून विकत घेतलेली एकेक तबकडी होती, त्यामुळे दोन्ही एकाच मापात बसवणं जरा अन्यायच.

ज्यांनी बीटल्सना खाली खेचलं

१४ आठवड्यांची ही रांग तोडली कुणी, तर ६२ वर्षांच्या लुई आर्मस्ट्राँगने. ९ मे ला 'हॅलो, डॉली!' पहिलं आलं. ब्रॉडवेवरच्या नव्या संगीत नाटकातलं गाणं, जॅझवाला म्हातारा माणूस, घोगरा आवाज, ट्रम्पेट, म्हणजे तरुण पोरांच्या त्या लाटेत जे जे चालू नये ते सगळं यात होतं. एकच आठवडा टिकलं, पण वर्षाच्या एकूण यादीत ते तिसरं आहे, 'आय वॉन्ट टू होल्ड युअर हँड' आणि 'शी लव्हज यू'च्या लगेच खाली. ऑगस्टमध्ये असंच डीन मार्टिनने केलं. 'अ हार्ड डेज नाइट'ला काढून 'एव्हरीबडी लव्हज समबडी' वर बसलं आणि बीटल्सवेड्या मुलाला मार्टिनने आधीच सांगून ठेवलेलं की तुझ्या त्या दोस्तांना मी चार्टवरून हाकलतो, असा किस्सा आहे.

पण खरा टिकाव धरला मोटाऊनने. मेरी वेल्सचं 'माय गाय' मे महिन्यात दोन आठवडे वर होतं. त्यानंतर आल्या सुप्रीम्स. या तिघींना कंपनीतच 'नो-हिट सुप्रीम्स' म्हणून चिडवायचे, कारण वर्षानुवर्षं रेकॉर्ड काढूनही मोठं काही लागत नव्हतं. हॉलंड-डोझियर-हॉलंड या त्रिकुटाने लिहिलेलं 'व्हेअर डिड अवर लव्ह गो' आधी मार्व्हलेट्स या दुसऱ्या ग्रुपला देऊ केलेलं, त्यांनी नको म्हटलं म्हणून ते सुप्रीम्सच्या वाट्याला आलं आणि २२ ऑगस्टला नंबर वन. गाण्यात सुरुवातीपासून जो धप धप ठेका आहे तो लाकडी फळ्यांवर पाय आपटून काढलेला. मग 'बेबी लव्ह' चार आठवडे, मग डिसेंबरमध्ये 'कम सी अबाउट मी'. एका वर्षात तीन गाणी आणि सात आठवडे, बीटल्सच्या खालोखाल. नागरी हक्कांचा कायदा २ जुलै १९६४ ला झाला आणि त्याच उन्हाळ्यात तीन कृष्णवर्णीय मुली गोऱ्या घरांतल्या रेडिओवर वाजायला लागल्या, आणि त्यांच्यासाठी म्हणून जो वेगळा चार्ट असायचा तो त्या वर्षी नव्हताच.

बाकीची यादी भराभर सांगायची तर डिक्सी कप्सचं 'चॅपल ऑफ लव्ह' तीन आठवडे, फोर सीझन्सचं 'रॅग डॉल' दोन, बीच बॉइजचं 'आय गेट अराउंड' दोन आणि ते त्यांचं पहिलंच नंबर वन. ते लिहिणारा ब्रायन विल्सन त्याच डिसेंबरात विमानात कोलमडला आणि त्यानंतर त्याने बँडबरोबर दौऱ्यावर जाणं सोडलं. शांग्री-लाजचं 'लीडर ऑफ द पॅक' मोटरसायकलच्या आवाजासकट. 'बोनान्झा' मालिकेतल्या लॉर्न ग्रीनचं 'रिंगो' डिसेंबरात आठवडाभर पहिलं होतं आणि नाव वाचून वाटतं तसा त्याचा बीटल्सच्या ड्रमरशी काडीचा संबंध नाही, ते पश्चिमेकडच्या बंदूकबाजाबद्दल आहे, तरी काही गिऱ्हाइकांनी नावाला भुलून घेतलं असेल अशी मला दाट शंका आहे. आणि बॉबी विंटन वर्षाच्या शेवटी 'मिस्टर लोनली' घेऊन परत आला, तेच ज्याचा तुकडा एकॉनने २००५ च्या 'लोनली'मध्ये पिचका आवाज करून वापरला.

इतर ब्रिटिश

पीटर अँड गॉर्डनचं 'अ वर्ल्ड विदाउट लव्ह' हे नावापुरतंच वेगळं, कारण ते पॉल मॅकार्टनीने लिहिलेलं आणि पीटर हा त्याच्या तेव्हाच्या मैत्रिणीचा भाऊ, पॉल राहायचा पण त्यांच्याच घरी. या लाटेतलं, बीटल्सशी काहीच नातं नसलेलं पहिलं ब्रिटिश नंबर वन म्हणजे ॲनिमल्सचं 'द हाऊस ऑफ द रायझिंग सन', सप्टेंबरात तीन आठवडे. जुनं अमेरिकन लोकगीत न्यूकॅसलच्या पोरांनी एका टेकमध्ये रेकॉर्ड केलं आणि अमेरिकेलाच परत विकलं. साडेचार मिनिटांचं होतं, रेडिओसाठी अमेरिकेत कापून छोटं केलं. मॅनफ्रेड मॅनचं 'डू वाह डिडी डिडी' ऑक्टोबरात दोन आठवडे. रोलिंग स्टोन्सना अमेरिकेत पहिल्या नंबरसाठी १९६५ पर्यंत थांबावं लागलं.

भारतात पोचलेलं

यातली दोन गाणी आपल्याकडे नव्या कपड्यात आली. 'आय वॉन्ट टू होल्ड युअर हँड'ची चाल शंकर-जयकिशनने १९६५ च्या 'जानवर'मध्ये 'देखो अब तो किसी को नहीं है खबर' म्हणून वापरली, शम्मी कपूरसाठी, परवानगी वगैरेची भानगड तेव्हा कुणाच्या डोक्यात नसायची. रॉय ऑर्बिसनचं 'ओ, प्रिटी वुमन' १९६४ मध्ये अमेरिका आणि ब्रिटन दोन्हीकडे पहिलं आलेलं, ते २००३ च्या 'कल हो ना हो'मध्ये रीतसर हक्क घेऊन शंकर महादेवनच्या आवाजात आलं.

वर्षाचा शेवटचा चार्ट २६ डिसेंबरचा, पहिलं गाणं 'आय फील फाइन', सुरुवातीला गिटार ॲम्प्लिफायरजवळ नेल्यावर येतो तो घूंऽऽ आवाज मुद्दाम ठेवलेला. ते तीन आठवडे वर राहिलं, आणि १६ जानेवारी १९६५ ला त्याला खाली ढकलून जे गाणं परत पहिल्या नंबरला आलं ते होतं सुप्रीम्सचं 'कम सी अबाउट मी'.