जुनाट वेदनांवर गांजाचा औषधी वापर

तीन महिन्यांहून अधिक काळ हटून बसलेल्या दुखण्यावर गांजाच्या झाडातील द्रव्ये डॉक्टरांच्या देखरेखीखाली, मोजून-मापून देण्याची उपचारपद्धती. झाड एकच, पण त्याचे पदार्थ तीन : मादी झाडाचा वाळवलेला फुलोरा म्हणजे गांजा, पाने म्हणजे भांग आणि चिकट राळ म्हणजे चरस. औषध म्हणून आज या झाडातल्या टीएचसी आणि सीबीडी या दोन रसायनांचा विचार होतो. टीएचसीने नशा येते आणि वेदनाही बोथट होते. सीबीडीने नशा येत नाही, मात्र नुसत्या सीबीडीने जुनाट दुखणे कमी होते याला भक्कम आधार नाही. ‘सीबीडी तेल’ म्हणून विकल्या जाणाऱ्या बाटल्यांकडे पाहताना हे ध्यानात ठेवावे.

टीएचसी 1964 मध्ये इस्रायलमध्ये राफाएल मेशूलाम आणि येहिएल गाओनी यांनी शुद्ध स्वरूपात वेगळे केले. ते मज्जापेशींवरच्या ज्या ग्राहींना, म्हणजे रसायने चिकटून काम करतात त्या जागांना, चिकटते, ते ग्राही शरीरात गांजासाठी नक्कीच नसणार. मग कशासाठी, या प्रश्नाचे उत्तर 1992 मध्ये मेशूलाम यांच्याच जेरुसलेममधल्या प्रयोगशाळेत मिळाले. शरीर स्वतःच तसे एक द्रव्य तयार करते. संस्कृत ‘आनंद’ शब्दावरून त्याचे नाव आनंदामाइड ठेवण्यात आले. ग्राही आणि आनंदामाइड यांची ही यंत्रणा मज्जापेशींमधले वाजवीपेक्षा जास्त झालेले निरोप दाबून धरते, आणि दुखण्याचा निरोप हा त्यातलाच एक. श्वास चालवणाऱ्या मेंदूच्या भागात हे ग्राही फार थोडे असतात. म्हणून मॉर्फिनची मात्रा चुकली तर श्वास थांबण्याची जी भीती असते, ती इथे तशी नसते.

आयुर्वेदात या वनस्पतीला विजया म्हणतात. शार्ङ्गधर संहितेत भांगेचे उदाहरण ‘व्यवायी’ द्रव्य म्हणून येते, म्हणजे पचण्याआधीच सर्वांगात पसरणारे. ती कच्ची वापरत नाहीत. पाने धुऊन, दुधात शिजवून किंवा तुपात परतून आधी तिचे शोधन, म्हणजे शुद्धी, करतात. टीएचसी पाण्यात नव्हे, स्निग्ध पदार्थात विरघळते. दूध-तुपाची ही जोड त्या दृष्टीने मुळीच निरर्थक नाही.

पाश्चात्त्य वैद्यकात हे औषध गेले ते कलकत्त्याहून. तिथल्या मेडिकल कॉलेजातले विल्यम ब्रुक ओशॉनेसी यांनी 1839 मध्ये आपले प्रयोग मांडले. त्यांचा एक रुग्ण संधिवाताचा. दुपारी दोन वाजता त्याला गांजाच्या राळेचा एक ग्रेन, म्हणजे साधारण 65 मिलीग्रॅम, दिला. चार वाजता तो भरभरून बोलू लागला, गाऊ लागला, जास्तीचे जेवण मागू लागला, आपण ठणठणीत बरे झालो म्हणाला. सहाला झोपला. आठला पाहिले तर बेशुद्ध. नाडी आणि श्वास नीट, पण हात उचलून ज्या स्थितीत ठेवावा त्या स्थितीत तसाच राहतो आहे. पुढे तो शुद्धीवर आला. दुखणे हटले खरे, पण ते किती मात्रेने हटले आणि शुद्ध किती मात्रेने गेली, यातले अंतर किती अरुंद आहे ते त्या एका दुपारी दिसून गेले. आजच्या उपचाराचा सगळा भर याच अंतरावर आहे. अमेरिकेच्या औषधकोशात गांजा 1850 ते 1942 असा जवळपास शतकभर होता. प्रत्येक बाटलीचा जोर निराळा, सुईतून देता येत नाही, आणि तोवर अ‍ॅस्पिरिन हाताशी आलेली, या कारणांनी डॉक्टर त्यापासून दूर गेले. कायद्याची बंधने त्यावर चढली.

हे औषध कोणाला उपयोगी पडते? मुख्यतः मज्जातंतूंच्या दुखण्याला. तळपाय जळतात, सुया टोचल्यासारखे होते, अंगावर चादर सहन होत नाही, अशी तक्रार करणारे हे रुग्ण. नेहमीच्या गोळ्या त्यांना बरेचदा लागू पडत नाहीत. मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजारातल्या अशा वेदनेसाठी टीएचसी आणि सीबीडी जवळपास समप्रमाणात असलेल्या, तोंडात मारायच्या फवाऱ्याला कॅनडाने 2005 मध्ये सशर्त मान्यता दिली. तरीही अपेक्षा माफकच ठेवावी. 2021 मध्ये ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या 32 चाचण्यांच्या एकत्रित आढाव्यानुसार, रुग्ण आपले दुखणे किती ते ज्यावर दाखवतो त्या 10 सेंटिमीटरच्या वेदनापट्टीवर सरासरी घट अवघी अर्धा सेंटिमीटर होती. जाणवण्याइतका आराम पडलेल्यांचे प्रमाण नुसत्या दिखाऊ, म्हणजे औषधी द्रव्य नसलेल्या, औषधापेक्षा शंभरात सुमारे दहाने जास्त होते. त्याच पुराव्याकडे पाहून तज्ज्ञांचे निष्कर्ष वेगळे पडतात. कोणते उपचार द्यावेत याची मार्गदर्शक तत्त्वे ठरवणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ संस्थेने 2019 मध्ये जुनाट वेदनांसाठी हे औषध देऊ नये असे म्हटले. आंतरराष्ट्रीय वेदना-अभ्यास संघटनेनेही 2021 मध्ये सरसकट वापराला पाठिंबा नाकारला. मात्र शंभरातले ते दहाजण खरी माणसे आहेत, आणि बाकी सगळे करून थकलेल्या रुग्णाला ‘एकदा बघू’ म्हणण्यात गैर काही नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

चिलमीतून किंवा विडीतून ओढणे हा उपचार नव्हे. धुराने फुप्फुसे खराब होतात आणि किती पोटात गेले ते कळत नाही. देतात ते तेलाचे थेंब, कॅप्सूल किंवा फवारा. सुरुवात रात्री झोपताना, 1 ते 2.5 मिलीग्रॅम टीएचसीने; मग काही दिवसांच्या अंतराने थोडी-थोडी वाढ. तोंडाने घेतलेल्याचा परिणाम दिसायला एक ते तीन तास लागतात, आणि घोळ इथेच होतो. तासभरात काही वाटले नाही म्हणून माणूस आणखी थेंब घेतो आणि मग दोन्ही मात्रा एकदम चढतात. डोके गरगरणे, तोंडाला कोरड, गुंगी, छातीत धडधड या नेहमीच्या तक्रारी. म्हाताऱ्या माणसांना रात्री उठताना तोल जाऊन पडण्याचा धोका असतो. ज्यांना किंवा ज्यांच्या घरात कोणाला मनोविकृतीचा आजार आहे त्यांनी, तसेच गर्भवतींनी, हे घेऊच नये. रक्त पातळ ठेवणाऱ्या वॉरफरिनचा परिणाम याने वाढू शकतो. काही आठवड्यांत चालणे, झोप, घरातली कामे यांत फरक पडला नाही तर औषध बंद करावे.

भारतात 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्याने गांजा आणि चरस बंद आहेत. फुलोरा सोबत नसेल तर पाने आणि बिया ‘गांजा’च्या व्याख्येबाहेर राहतात. त्याच कायद्यात वैद्यकीय आणि वैज्ञानिक कामासाठी वाट ठेवलेली आहे, पण गांजापासून बनलेले औषध आधुनिक वैद्यकातला डॉक्टर सहज लिहून देईल अशी व्यवस्था तीतून उभी राहिलेली नाही. विजयेच्या पानांची आयुर्वेदिक औषधे मिळतात. भांग विषारी द्रव्यांच्या अनुसूचीत असल्याने त्यांच्या वेष्टनावर वैद्यकीय देखरेखीखालीच घेण्याची सूचना छापावी लागते. महाराष्ट्रात 1949 च्या दारूबंदी कायद्यामुळे विनापरवाना भांग बाळगणेही गुन्हा आहे. गोव्यात औषधी लागवडीचा प्रस्ताव 2020 च्या अखेरीस गाजला आणि विरोधानंतर बारगळला. त्याच डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थविषयक आयोगाने 27 विरुद्ध 25 मतांनी गांजाला सर्वांत कडक यादीतून वगळले. भारताचे मत वगळण्याच्या बाजूने होते. जम्मूच्या भारतीय एकात्मिक औषध संस्थेत यावर संशोधन चालू आहे.

परदेशी राहणाऱ्या मराठी कुटुंबांनी एक गोष्ट पक्की ध्यानात ठेवावी. टोरंटोच्या डॉक्टरांनी आईला गुडघ्यासाठी लिहून दिलेली तेलाची बाटली चिठ्ठीसकट मुंबई विमानतळावर उतरली, तरी इथे तो आयातीचा गुन्हाच ठरतो, आणि कॅनडातून ती बाहेर काढणे तिथल्या कायद्यानेही चालत नाही. प्रवासाच्या आधीच डॉक्टरांशी बोलून त्या दिवसांपुरते दुसरे औषध ठरवून घ्यावे लागते.