गोळी सुरू केली आणि पायाचा अंगठा सुजला, म्हणजे गोळी बाधली का?

इंदूरच्या मराठी घरांतल्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर एक मजकूर वर्षानुवर्षं फिरतो: ‘युरिक अॅसिडची अॅलोप्युरिनॉल सुरू केल्यावर सांधा सुजला तर ती बाधली, लगेच बंद करा.’

असं वाटणं साहजिक आहे, कारण गोळीपाठोपाठच दुखणं येतं. पण घडतं वेगळंच. रक्तात युरिक अॅसिड दर डेसिलिटरला साधारण ६.८ मिलिग्रॅमच्या वर राहिलं की सांध्यात त्याचे बारीक स्फटिक साचू शकतात. गोळीने पातळी उतरली की जुने स्फटिक विरघळत सुटे होतात आणि सूज भडकते. म्हणूनच डॉक्टर रोज १०० मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी मात्रेने सुरुवात करून ती हळूहळू वाढवतात, आणि पहिले ३ ते ६ महिने बहुधा कोल्चिसिन हे सूज आवरणारं औषधही कमी मात्रेत देतात. गोळी मध्येच सोडली तर पातळी पुन्हा चढते.

गोळी लागू पडतेय का हे पडताळायचं असेल तर दुखणं ओसरल्यावर दोन आठवड्यांनी रक्त तपासा. ऐन दुखण्यात आकडा फसवा, कमी येऊ शकतो. तो ६ च्या खाली हवा.

गोळी थांबवण्याची खरी खूण वेगळी: अंगावर पुरळ, ताप, तोंडात फोड. हे बहुतेक पहिल्या दोन महिन्यांत होतं. तेव्हा पुढची गोळी न घेता त्याच दिवशी डॉक्टर गाठा. अॅझाथायोप्रिन (प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) चालू असेल, तर ते अॅलोप्युरिनॉल सुरू करण्याआधीच सांगा.