फुटबॉल क्लबांना दंडाचा धाक का बसत नाही

४ जुलै २०२५ रोजी युएफा या युरोपीय फुटबॉलच्या नियामक संघटनेने चेल्सी क्लबला ३ कोटी १० लाख युरोंचा दंड ठोठावला. तोटा आणि खेळाडूंवरचा खर्च ठरलेल्या मर्यादेबाहेर गेला, हे कारण. बातम्यांत या आकड्याचा बराच गाजावाजा झाला. नऊ दिवसांनी त्याच चेल्सीने अमेरिकेत क्लब विश्वचषक जिंकला आणि त्या एका स्पर्धेतून १० कोटी डॉलरहून जास्त रक्कम क्लबच्या वाट्याला आली.

आकडा मोठा म्हणजे जरब मोठी, असे बहुतेकांना वाटते. हा समज चुकीचा आहे. तो का चुकतो हे पाहायला फुटबॉलइतकी चांगली प्रयोगशाळा क्वचितच मिळेल. इथे नियम लेखी असतात, क्लबांचे हिशेब जाहीर होतात आणि कोण वर गेले, कोण खाली घसरले हे गुणतक्त्यात कुणालाही दिसते.

अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर यांनी १९६८ मध्ये शिक्षेचे साधे गणित मांडले. पकडले जाण्याची शक्यता गुणिले दंड, ही झाली गुन्ह्याची किंमत. ती गुन्ह्यातून होणाऱ्या फायद्यापेक्षा कमी असेल, तर हिशेबी माणूस नियम मोडणार. क्लबांच्या बाबतीत पकडले जाण्याची शक्यता जवळजवळ शंभर टक्के असते, कारण लेखापरीक्षण झालेले हिशेब त्यांना द्यावेच लागतात. म्हणजे सगळा प्रश्न दंड आणि फायदा यांच्या तुलनेवर येऊन थांबतो.

इंग्लंडच्या दुसऱ्या श्रेणीतला, म्हणजे चॅम्पियनशिपमधला २०१३-१४ चा हंगाम घ्या. त्या वेळचा नियम असा होता की तोट्याची मर्यादा ओलांडणारा क्लब बढती मिळवून प्रीमियर लीगमध्ये, म्हणजे सर्वोच्च श्रेणीत, गेला तर त्याला दंड, आणि खालीच राहिला तर नवे खेळाडू घेण्यावर निर्बंध. दंड फक्त जिंकणाऱ्याने भरायचा. या तपशिलाकडे फारसे कुणी पाहत नाही, पण सगळी गोम त्यातच आहे.

आकडे घालून पाहू. हे आकडे समजुतीसाठी घेतलेले आहेत. बढतीतून मिळणारी रक्कम १२ कोटी पौंड. नियम पाळून बढती मिळण्याची शक्यता १५ टक्के, म्हणजे सरासरी अपेक्षित फायदा १ कोटी ८० लाख. आता १ कोटी जादा खर्च करून शक्यता ४० टक्क्यांवर नेली. दंड 'द' मानला, तर अपेक्षित फायदा ०.४० × (१२ − द) − १ इतका होतो. 'द' ५ कोटी असेल तर उत्तर बरोबर १ कोटी ८० लाख येते, म्हणजे दोन्ही मार्ग सारखेच. ५ कोटींपेक्षा कमी कितीही दंड लावा, नियम मोडणेच परवडते. शिवाय दंड चार-पाच वर्षांनी भरायचा असेल, तर आजच्या हिशेबात त्याचे मोल आणखी घटते. हरलो तर दंड नाही आणि जिंकलो तर दंड भरायला पैसे आहेतच, अशा रचनेत दंड जिंकल्यावरच द्यायच्या दलालीसारखा वागतो.

प्रत्यक्षात काय झाले? मे २०१४ मध्ये लंडनच्या वेम्बली मैदानावर, बढतीच्या निर्णायक सामन्यात, क्वीन्स पार्क रेंजर्सने बॉबी झमोराच्या ९०व्या मिनिटाच्या गोलवर डर्बीला हरवले आणि बढती मिळवली. त्या हंगामाच्या तोट्याचा निकाल लागला जुलै २०१८ मध्ये: १ कोटी ७० लाख पौंड दंड, ३० लाख खर्चापोटी, आणि मालकांनी दिलेल्या सुमारे २ कोटी २० लाखांच्या कर्जाचे भागभांडवलात रूपांतर. त्याच हंगामात वर गेलेल्या लेस्टरचा वाद २०१८ मध्ये ३१ लाख पौंडांवर मिटला. क्लबने जाणूनबुजून नियम मोडले नव्हते, हे लीगने तेव्हा मान्य केले. मधल्या काळात, २०१५-१६ मध्ये, लेस्टर इंग्लंडचा विजेता होऊन गेला होता.

रेंजर्स पुढच्याच वर्षी पुन्हा खाली घसरले, तेव्हा ही कर्माची फळे असे म्हणणारे होतेच. मग लेस्टरच्या विजेतेपदाचे काय? आपल्याला पटणारे उदाहरण तेवढे उचलायचे आणि उरलेले विसरायचे, अशाने नियती सिद्ध होत नाही. नियम मोडणाऱ्याला खेळ आपोआप शिक्षा देत नाही. ती द्यावी लागते.

आता मला सर्वांत जास्त भावलेला प्रयोग. उरी ग्नीझी आणि आल्डो रुस्तिकिनी यांनी इस्रायलमधल्या हैफा शहरातील दहा पाळणाघरांत तो केला आणि २००० मध्ये प्रसिद्ध केला. मुलांना न्यायला पालक उशिरा येत. सहा पाळणाघरांनी उशिरासाठी छोटा दंड लावला. उशीर कमी व्हायला हवा होता, पण तो जवळजवळ दुप्पट झाला. दंड नव्हता तेव्हा शिक्षिका आपल्यासाठी ताटकळते याची पालकांना लाज वाटत असे. दंड लागल्यावर उशीर ही विकत मिळणारी सेवा झाली. पैसे टाकले की मन मोकळे. पुढे दंड रद्द केला, तरी उशीर आधीच्या पातळीवर आला नाही. एकदा भाव ठरला की लाज परत येत नाही.

फुटबॉलमध्ये असा भाव अनेकदा ठरला आहे. जर्मन फुटबॉल संघटनेकडे प्रेक्षकांनी पेटवलेल्या प्रत्येक मशालीमागे किती दंड, याचा श्रेणीनिहाय तक्ताच आहे. मशाली थांबलेल्या नाहीत, कारण पेटवणारा प्रेक्षक वेगळा आणि दंड भरणारा क्लब वेगळा. २०१४ मध्ये कोलोनच्या मैदानात वरच्या सज्जातून एकाने फटाका फेकला आणि खालचे सात प्रेक्षक जखमी झाले. क्लबने त्याच्याकडून सुमारे ३० हजार युरो मागितले, आणि दंडाची रक्कम अशा प्रेक्षकाकडून वसूल करता येते हे जर्मनीच्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने २०१६ मध्ये मान्य केले. दंड इथे अखेर योग्य माणसापर्यंत पोहोचला.

भावाचे प्रमाणही कधीकधी लाज आणणारे असते. २०१२ मध्ये मँचेस्टर सिटीच्या खेळाडूंना पोर्तो या पोर्तुगीज क्लबच्या प्रेक्षकांकडून वर्णद्वेषी हेटाळणी सहन करावी लागली, म्हणून पोर्तोला २० हजार युरो दंड झाला. मध्यंतरानंतर मैदानात मिनिटभरापेक्षाही कमी उशीर केला, म्हणून त्याच सिटीला ३० हजार. अशा तक्त्यातून क्लबांनी काय शिकायचे?

दंड मिळकतीच्या प्रमाणात लावा, असा एक उपाय सुचवला जातो. फिनलंडमध्ये १९२१ पासून व्यक्तींना असा दंड होतो आणि ती पद्धत मला न्याय्य वाटते. पण क्लबाचा तोटा मालक खिशातून भरत असेल, तर क्लबाची मिळकत मोजून काय हाती लागणार? डॅनियल बर्नुली यांनी १७३८ मध्येच दाखवले होते की संपत्ती वाढते तसे पुढच्या प्रत्येक नाण्याचे मोल घटते. अब्जाधीश मालकाला विजेतेपद हवे असते, आणि त्यापुढे पैसा त्याला स्वस्त वाटतो. म्हणून शिक्षा त्याला जे हवे आहे त्याच चलनात, म्हणजे गुणांत, व्हायला हवी.

तोट्याची मर्यादा ओलांडली म्हणून नोव्हेंबर २०२३ मध्ये प्रीमियर लीगमधल्या एव्हर्टनचे १० गुण कापले गेले. अपिलात ते ६ झाले. धनाढ्य मालक पाठीशी असलेल्या क्लबला आर्थिक दंड पुरेसा नाही, हे शिक्षा ठरवणाऱ्या आयोगाने स्पष्ट म्हटले. मार्च २०२४ मध्ये याच कारणावरून नॉटिंगहॅम फॉरेस्टचे ४ गुण गेले.

गुणकपातीतही पळवाट निघते. मे २००७ मध्ये लीड्स क्लबची खालच्या श्रेणीतली घसरण जवळजवळ नक्की झाली होती. शेवटच्या सामन्याआधी क्लबने दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू केली आणि त्यासाठी ठरलेली १० गुणांची कपात त्या बुडालेल्या हंगामातच पदरात पाडून घेतली. किंमत शून्य. पण पुढच्या हंगामात लीगने आणखी १५ गुण कापले, आणि ही कपात खरोखर लागली. लीड्सने मैदानावर ९१ गुण कमावले, हाती ७६ उरले, आणि थेट बढती ८२ गुणांच्या फॉरेस्टला मिळाली.

एव्हर्टनच्या निकालानंतरच्या पहिल्याच खरेदी-विक्रीच्या काळात, जानेवारी २०२४ मध्ये, प्रीमियर लीगच्या क्लबांनी मिळून सुमारे १० कोटी पौंड खर्च केले. आदल्या जानेवारीत हा आकडा ८१ कोटी ५० लाख होता. त्यातला मोठा वाटा एकट्या चेल्सीचा होता, त्यामुळे सगळे श्रेय गुणकपातीला देता येणार नाही. तरी तो वाटा वजा केल्यावरही घट ठळक दिसते. जून २०२४ मध्ये तर ३० तारखेला हिशेबाचे वर्ष संपण्याआधी विक्रीची धांदल उडाली. क्लबने स्वतः घडवलेल्या खेळाडूची खरेदी किंमत वहीत शून्य असते, त्यामुळे विक्रीची सगळी रक्कम त्याच वर्षाचा नफा धरली जाते. न्यूकॅसलने आपल्याच अकादमीतला इलियट अँडरसन याच दिवसांत फॉरेस्टला विकला, तोही मनाविरुद्ध. नियम पाळला गेला, आणि त्यासाठी घरच्याच खेळाडूला निरोप द्यावा लागला. गुणकपातीच्या धाकाचा हा परिणाम दुरुस्त करायचा, तर अकादमीच्या खेळाडूंचा हिशेब वेगळा मांडावा लागेल.