शंखवाली गोगलगाय आणि बिनशंखाची

‘गोगलगाय अन् पोटात पाय’ ही म्हण प्राणिशास्त्रालाही मान्य आहे. या मंडळींच्या वर्गाचं नावच उदरपाद. पण म्हणीतली गोगलगाय आपल्या डोळ्यांपुढे येते ती शंखासकट. पावसाळ्यात कुंडी उचलली की खाली चिकटलेला काळपट, चपटा, बोटाएवढा, पाठीवर मधोमध फिकट रेघ असलेला जीव दिसतो, तीही गोगलगायच, बिनशंखाची. मराठीत तिला धड रुळलेलं नाव नाही, म्हणून कोणी ‘स्लग’ म्हणतं, कोणी घाबरून ‘जळू’. जळू दोन्ही टोकांनी चिकटत, कमान करत चालते. हा जीव सपाट सरकतो आणि पुढे शिंगं काढतो. त्याला तुमचं रक्त नको, झेंडूची कोवळी रोपं हवीत.

शंखवाली आणि बिनशंखाची, दोघींवर लोक एकच उपाय करतात: मीठ. मिठाने दोघीही मरतात, पण ते कुंडीतच राहतं आणि मग रोप करपतं. मीठ टाकायचंच तर बादलीतल्या पाण्यात टाका.

खरा फरक शंखाचा. शंखवालीचं घर पाठीवर. ऊन वाढलं की ती आत जाते, तोंडावर चिकट पडदा धरते आणि तो वाळला की महिनोन्महिने झोपून राहते. म्हणून ती भिंतीवर, पपईच्या बुंध्यावर, कोरड्या विटांच्या ढिगातही सापडते. आपल्याकडची मोठी तपकिरी शंखी मूळची पूर्व आफ्रिकेतली. १८४७ मध्ये मॉरिशसहून कोलकात्यात आणली गेली. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड, धाराशिवकडच्या सोयाबीनची नुकतीच उगवलेली रोपं तिने फस्त केली. मातीत ती साबुदाण्यासारखी अंडी घालते, एका वेळी शंभराच्या वरही. कुंडी उकरताना असा पुंजका दिसला तर तिथेच चिरडा. खताचे दाणे समजून परत झाकू नका, मी एकदा झाकले होते.

स्लगला ही चैन नाही. दिवसा ओलसर आडोसा मिळाला नाही तर ती सुकून मरू शकते. म्हणून तिचा उपाय मारण्याआधी जागेचा: कुंड्या विटांवर उचलून ठेवा, खालच्या बशीतलं पाणी ओता, सडकी पानं काढा, पाणी संध्याकाळऐवजी सकाळी घाला. रात्री माती कोरडी असली की निम्मा त्रास तिथेच संपतो.

सापळा मात्र दोघींना चालतो. गोणपाट गुळाच्या पाण्यात भिजवून संध्याकाळी वाफ्यात पसरा, सकाळी उलटा. खाली जमलेल्या गोगलगायी साबणाच्या किंवा मिठाच्या पाण्यात टाका. हात मात्र उघडे नकोत. उंदरांच्या फुप्फुसातल्या एका जंताची पिल्लं दोघींच्याही अंगात असू शकतात आणि माणसात ती मेंदूपर्यंत जातात. बागेतला पालकही याच कारणाने नीट धुवायचा.

अंड्यांच्या टरफलांच्या कुंपणावर माझा विश्वास नाही. ब्रिटनच्या रॉयल हॉर्टिकल्चरल सोसायटीने २०१८ मध्ये टरफलं, तांब्याची पट्टी वगैरे घरगुती अडथळे लेट्यूसभोवती लावून पाहिले. नुकसान काही कमी झालं नाही. दुकानातल्या गोगलगायी मारायच्या गोळ्या घेताना पाकीट वाचा. काही गोळ्यांत असणारं मेटाल्डिहाइड हे विष कुत्र्या-मांजरांनाही घातक आहे. ब्रिटनने २०२२ पासून त्याचा बाहेरचा वापर बंद केला. फेरिक फॉस्फेटच्या गोळ्या दिसायला जवळपास तशाच, पण पुष्कळच सौम्य.

गोळ्या टाकण्याआधी बागेच्या कुंपणाकडेही बघा. भारद्वाज शंखवाल्या गोगलगायी आवडीने खातो आणि काजव्यांच्या अळ्याही मुख्यतः गोगलगायींवर जगतात.

शंखवालीला गाठायची खरी वेळ मे महिना. भिंतीलगतचा विटांचा ढीग हलवा. तोंडं मिटलेले शंख हातमोज्यांनी गोळा करता येतात. स्लग तेव्हा दिसणारच नाही, तिची वाट जूनमध्ये पहिल्या सरीनंतर, कुंडीच्या बुडाशी पाहायची.